लेझरचं बटण आणि शेताचा बांध

माझी आत्या लेकीकडे टल्साला गेली होती. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं हे शहर. पुण्यात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून, लेन्स बसवून तिला तीनेक वर्षं झाली होती. तिथे गेल्यावर महिन्याभरात उजव्या डोळ्याला धुरकट दिसायला लागलं. फोनवर तिचं एकच पालुपद, "अगं, माझा मोतीबिंदू परत आला." लेकीनं तिला घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं. दर्शनी भागात चष्म्याच्या फ्रेमा मांडलेल्या, आत तपासणीची खोली. तिथल्या बाईंनी डोळा नीट पाहिला, मोतीबिंदू परत येत नसतो हे समजावलं आणि म्हणाल्या, लेझरनं पाच मिनिटांत साफ होईल, मंगळवारी या. आत्यानं लेकीला हळूच मराठीत विचारलं, "या डॉक्टर ना?" लेक म्हणाली, "डॉक्टरच. पण आपले डोळ्यांचे डॉक्टर असतात तशा नाहीत."

त्या बाई ऑप्टोमेट्रिस्ट होत्या. ओक्लाहोमात त्यांनी ते लेझर करणं पूर्ण कायदेशीर आहे. दक्षिणेला गाडी हाकत टेक्सासची हद्द ओलांडली, की त्याच बाईंनी त्याच यंत्रावर तेच केलं तर परवाना जाऊ शकतो. डोळा तोच, यंत्र तेच, हातही तोच; बदललं ते फक्त राज्य. आपल्याकडे गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की बाटलीची किंमत बदलते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण नाका ओलांडला की डोळ्यावर लेझर मारायचा हक्क बदलतो, हे ऐकायला जरा चमत्कारिक वाटतं. ते का होतं, तेच इथे सांगायचं आहे.

आधी माणसं ओळखून घेऊ, कारण आपल्याकडे तिघांनाही सरसकट 'डोळ्यांचे डॉक्टर' म्हणायची पद्धत आहे. फ्रेम बसवून देणारा, काच कापून घासणारा तो ऑप्टिशियन. नंबर काढणारा, डोळ्याचा दाब मोजणारा, बाहुली मोठी करून आतला, मागचा पडदा (रेटिना) पाहणारा तो ऑप्टोमेट्रिस्ट. आणि एमबीबीएस करून पुढे नेत्रशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, शस्त्रक्रिया करणारा तो नेत्ररोगतज्ज्ञ. अमेरिकेत ऑप्टोमेट्रिस्टचं शिक्षण आपल्यापेक्षा लांबलचक असतं. कॉलेजची पदवी आणि त्यावर साधारण चार वर्षांचा 'डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री' हा अभ्यासक्रम. म्हणून तिथे त्यांच्या नावामागे 'डॉक्टर' लागतं आणि ते खोटं नसतं. नेत्ररोगतज्ज्ञ मात्र पदवीनंतर चार वर्षं मेडिकल कॉलेज, एक वर्ष इंटर्नशिप आणि निदान तीन वर्षं डोळ्यांच्या विभागात निवासी डॉक्टर म्हणून राबून तयार होतो. सगळं भांडण या दोन वाटांमधल्या अंतराचं आहे.

आत्याच्या डोळ्यात झालं काय होतं? आपल्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग एका पारदर्शक, पातळ पिशवीत असतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये गढूळ झालेलं भिंग काढतात, पण पिशवीचा मागचा भाग जपून ठेवतात, कारण नवी कृत्रिम लेन्स तिच्यातच बसवायची असते. जुन्या भिंगाच्या काही पेशी पिशवीच्या कडेला चिकटून राहतात. त्या पुढच्या काही महिन्यांत किंवा वर्षांत हळूहळू पिशवीच्या मागच्या भागावर सरकतात आणि तो धुरकट करून टाकतात. न्हाणीघराच्या काचेवर वाफ धरावी तसं. याला लोक 'मोतीबिंदू परत आला' म्हणतात. उपाय म्हणजे याग नावाचं लेझर. रुग्ण हनुवटी टेकवून यंत्रासमोर बसतो, तपासणीला बसतो तसाच. लाल ठिपक्यानं नेम धरून लेझरचे अगदी बारीक स्फोट त्या धुरकट भागावर करतात, मधोमध एक खिडकी उघडते आणि नजर मोकळी होते. टाका नाही, भूल म्हणजे फक्त थेंब, घरी चालत जायचं.

इतकं सोपं दिसतं म्हणूनच वाद आहे. नेम जरा पुढे चुकला तर कृत्रिम लेन्सवर टिपके पडतात. नंतर काही तासांत डोळ्याचा दाब वाढू शकतो. क्वचित काहींना मागच्या पडद्याला मध्यभागी सूज येते, आणि त्याहून क्वचित मागचा पडदा सुटतो. म्हणजे पाच मिनिटांचं काम, पण त्याची शेपटी काही आठवड्यांची.

अशी आणखी दोन लेझर या वादात नेहमी येतात. एक काचबिंदूसाठी: डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून बाहेर झिरपतं, त्या जाळीवर लेझर मारून निचरा सुधारायचा. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या चाचणीत, हे लेझर आधी करून घेतलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही काचबिंदूचे थेंब घालावे लागत नव्हते. त्यानंतर हे लेझर शेवटचा उपाय न राहता पहिल्या उपायांत आलं. साहजिकच ते कुणी करायचं, या प्रश्नाचं वजनही वाढलं. दुसरं लेझर बुबुळाला बारीक भोक पाडायचं. काचबिंदूच्या ज्या प्रकारात पाण्याची वाटच बंद होते, त्यात हे करतात, आणि हा प्रकार आशियाई लोकांमध्ये गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो. या तिघांच्या जोडीला पापणीवरच्या छोट्या गाठी काढणं: रांजणवाडी कडक होऊन राहिली तर ती कापून साफ करणं, चामखीळ काढणं, पापणीत इंजेक्शन देणं. जिथे ऑप्टोमेट्रिस्टना 'प्रोसीजर' करू द्यायच्या म्हणतात, तिथे बहुतेक वेळा एवढीच यादी असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन, चष्मा घालवणारं लेसिक किंवा मागच्या पडद्यावरचं लेझर या यादीत सहसा येत नाही. 'चष्म्यावाले आता ऑपरेशन करणार' अशा मथळ्यांवर म्हणूनच अर्धाच विश्वास ठेवावा.

अख्ख्या गावाचा सातबारा

कायद्याची बाजू समजायला शेतीतलं उदाहरण सोयीचं आहे. अमेरिकेत वैद्यकीय परवान्यांचे कायदे राज्याराज्यांचे आहेत, केंद्राचे नाहीत. या राज्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टरांचे कायदे केले, तेव्हा 'वैद्यक व्यवसाय' या शब्दाची व्याख्या इतकी ऐसपैस केली की कुणाच्याही शरीराची तपासणी, निदान, उपचार सगळं त्यात आलं. थोडक्यात, अख्ख्या गावाचा सातबारा डॉक्टरांच्या नावावर झाला. नंतर दंतवैद्य आले, परिचारिका आल्या, फार्मासिस्ट आले, ऑप्टोमेट्रिस्ट आले. त्यांना दरवेळी विधिमंडळात जाऊन आपला तुकडा वेगळा मागावा लागला. ऑप्टोमेट्रिस्टला जे कायद्यात लिहून दिलं आहे तेवढंच करता येतं. डॉक्टरला, तत्त्वतः, जे मना केलेलं नाही ते सगळं करता येतं. एमबीबीएसच्या तोडीचा परवाना असलेल्या डॉक्टरनं डोळ्यावर लेझर मारलं तर त्याला रुग्णालय उभं करणार नाही, विमा कंपनी पैसे देणार नाही. पण परवान्याच्या कायद्यानं तो गुन्हेगार ठरेलच असं नाही. ही तफावत लक्षात घेतली की ऑप्टोमेट्रिस्ट इतके चिडलेले का असतात ते कळतं, आणि डॉक्टर बांध कोरला जातोय म्हणून इतके ओरडतात का, तेही.

मिनेसोटानं १९०१ मध्ये ऑप्टोमेट्रीचा पहिला कायदा केला, आणि १९२४ पर्यंत देशभर असे कायदे झाले. त्याही आधी, १८९० च्या दशकात, न्यूयॉर्कमधले चष्मेतज्ज्ञ चार्ल्स प्रेंटिस यांनी डोळे तपासण्याचे वेगळे तीन डॉलर घेतले म्हणून एका नामवंत डोळ्यांच्या डॉक्टरांनी आक्षेप घेतला होता. काच विका, पण तपासणीची फी कशी घेता? प्रेंटिस यांचं नाव आज ऑप्टोमेट्रीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं, प्रिझमच्या नियमामुळे. मला मात्र ते त्या तीन डॉलरांसाठी जास्त लक्षात राहतात. वादाच्या मुळाशी रुग्णाची सुरक्षितता आहे हे खरंच, पण फी पहिल्या दिवसापासून तिच्या शेजारी बसलेली आहे.

पुढचं सगळं गुंठ्यागुंठ्यानं झालं. १९७१ मध्ये र्‍होड आयलंडमध्ये ऑप्टोमेट्रिस्टना तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालायची मुभा मिळाली. १९७६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियानं उपचाराचे थेंब लिहून द्यायला परवानगी दिली. तेव्हाही 'लोक आंधळे होतील' अशी ओरड झाली होती. हळूहळू सगळी राज्यं आली. काचबिंदूच्या औषधांसाठी मॅसॅच्युसेट्स सर्वांत शेवटी, थेट २०२१ मध्ये. दरम्यान आणखी एक बदल झाला, ज्याची चर्चा कमी होते. १९८७ पासून मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, ऑप्टोमेट्रिस्टला पैसे देण्यापुरतं 'डॉक्टर' मानू लागला: राज्यानं जे करू दिलं आहे, त्याचे पैसे मिळतील. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो, काचबिंदूही बहुतेक त्यांनाच. त्यामुळे राज्याच्या विधिमंडळानं यादीत एक ओळ वाढवली की वॉशिंग्टनच्या तिजोरीतून पैसे यायची वाट आपोआप उघडते.

लेझरचा पहिला बांध ओक्लाहोमात फुटला. तिथले ऑप्टोमेट्रिस्ट १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून लेझर वापरत होते. डॉक्टर कोर्टात गेले आणि शेवटी १९९८ मध्ये विधिमंडळानं स्पष्ट कायदाच केला. त्या कायद्याची भाषा मजेशीर आहे. ऑप्टोमेट्रिस्टना काय करता येईल याची बारीक यादी देण्याऐवजी तो म्हणतो, लेझर शस्त्रक्रिया करता येतील, पण मागचा पडदा, लेसिक आणि पापणीची सौंदर्य शस्त्रक्रिया वगळून. म्हणजे परवानगीची यादी नाही, मनाईची यादी आहे. वाचायला दोन्ही सारखंच वाटतं. वकिलाला विचारा, तो सांगेल की जमीनअस्मानाचा फरक आहे. परवानगीची यादी असली की उद्या निघणाऱ्या नव्या उपचारासाठी पुन्हा विधिमंडळात जावं लागतं. मनाईची यादी असली की नवा उपचार आपोआप आत येतो, कुणी मना करेपर्यंत.

केंटकीनं २०११ मध्ये हाच मार्ग धरला. विधेयक काही आठवड्यांतच दोन्ही सभागृहांतून गेलं आणि गव्हर्नर स्टीव्ह बशिअर यांनी सही केली. ऑप्टोमेट्रिस्टांनी आमदारांना दिलेल्या निवडणूक देणग्यांची तिथल्या वर्तमानपत्रांनी बरीच चर्चा केली. पण त्या कायद्यातला खरा नाजूक मुद्दा देणग्यांचा नव्हता. कोणती प्रोसीजर ऑप्टोमेट्रीच्या कक्षेत बसते, हे ठरवायचा मोठा अधिकार राज्याच्या ऑप्टोमेट्री मंडळाकडे गेला, आणि त्या मंडळावर बहुसंख्य ऑप्टोमेट्रिस्टच असतात. शेताची मोजणी शेतमालकानंच करावी तसं. याच स्वरूपाचा प्रश्न २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर दुसऱ्या व्यवसायाबाबत आला होता: उत्तर कॅरोलिनातलं दंतवैद्यांचं मंडळ मॉलमध्ये दात पांढरे करून देणाऱ्यांना हाकलत होतं. न्यायालयानं सांगितलं, की मंडळावर त्याच धंद्यातली माणसं बहुमतात असतील आणि राज्य सरकारचं त्यांच्यावर सक्रिय लक्ष नसेल, तर स्पर्धाविरोधी कायद्यापासून त्यांना सूट नाही. तो निकाल दाराबाहेर ठेवायच्या लोकांबद्दल होता, आत घ्यायच्या नव्हे. पण 'आपली कक्षा आपणच ठरवायची' याबद्दलची माझी अस्वस्थता त्या निकालामुळे वाढली, कमी झाली नाही. आणि ती दोन्ही बाजूंना लागू आहे.

२०१४ मध्ये लुइझियानात गव्हर्नर बॉबी जिंदल यांनी सही केली, २०१७ मध्ये अलास्का आलं. २०१९ चं अर्कान्सॉ मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे. तिथे कायदा ५७९ मंजूर झाल्यावर नेत्ररोगतज्ज्ञांच्या बाजूच्या गटानं तो थेट जनतेच्या मतदानाला न्यायचं ठरवलं. सह्या गोळा केल्या, २०२० च्या नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर प्रश्न छापायची तयारी झाली. आणि सप्टेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो प्रश्न मतपत्रिकेवरून काढून टाकला. कारण? सह्या गोळा करणाऱ्या लोकांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासून ते 'उत्तीर्ण' झाल्याचं प्रमाणपत्र द्यायचं होतं. गटानं फक्त तपासणी 'मिळवल्याचं' लिहिलं होतं. डोळ्यावर लेझर कुणी मारायचं, याचा निकाल शेवटी एका क्रियापदानं लावला. कायदा टिकला.

अर्कान्सॉमध्येच टेक्सार्काना नावाचं गाव आहे, अर्धं या राज्यात आणि अर्धं टेक्सासमध्ये. स्टेट लाइन नावाचा रस्ता मधून जातो. पोस्ट आणि कोर्टाची इमारत तर बरोबर सीमेवर उभी आहे. या रस्त्याच्या एका बाजूला ऑप्टोमेट्रिस्ट पात्रता मिळवून धुरकट पिशवी लेझरनं साफ करू शकतो, दुसऱ्या बाजूला नाही. 'परवाना राज्याचा असतो' हे वाक्य कितीही वेळा वाचलं तरी जे डोक्यात शिरत नाही, ते या रस्त्याच्या मधोमध उभं राहिल्यावर शिरेल.

त्यानंतर रांग लागली. २०२१ मध्ये वायोमिंग आणि मिसिसिपी, २०२२ मध्ये व्हर्जिनिया आणि कोलोरॅडो, २०२४ मध्ये साउथ डकोटा, २०२५ मध्ये मोंटाना आणि वेस्ट व्हर्जिनिया. सगळ्यांचे नियम सारखे नाहीत. मिसिसिपीनं लेझरपैकी फक्त धुरकट पिशवी उघडण्याचं काम दिलं. मधल्या काळात कॅलिफोर्नियात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ते परत पाठवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे उपचार करणारे डॉक्टर निदान तीन वर्षं निवासी प्रशिक्षण घेतात; विधेयकातलं प्रशिक्षण एका वर्षाहून कमी आहे, ते पुरेसं आहे याची मला खात्री पटलेली नाही.

मग पुरावा काय सांगतो?

ऑप्टोमेट्रिस्टांचा युक्तिवाद ऐकायला पटतो. खेड्यापाड्यांत नेत्ररोगतज्ज्ञ नाहीत, आम्ही आहोत. केंटकीत १२० काउंट्या (म्हणजे जिल्हे), त्यांतल्या बऱ्याच डोंगराळ. म्हाताऱ्या माणसानं पाच मिनिटांच्या लेझरसाठी दोन तास गाडी चालवायची का? आणि ओक्लाहोमात इतकी वर्षं आम्ही हे करतोय, आमच्या चुकांच्या विम्याचे हप्ते आभाळाला भिडलेले नाहीत. चेरोकी लोकांची राजधानी असलेल्या टाहलेक्वा गावात ऑप्टोमेट्रीचं सरकारी महाविद्यालय आहे आणि तिथे लेझर हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. म्हणजे 'शनिवार-रविवारचा कोर्स करून लेझर हातात घेतात' हा टोमणा सगळ्यांना सरसकट लागू पडत नाही. जुन्या, आधीच पदवी घेतलेल्या ऑप्टोमेट्रिस्टांच्या बाबतीत मात्र तो अगदीच हवेतला नाही, कारण त्यांचं प्रशिक्षण खरोखर काही दिवसांच्या कोर्सनं आणि परीक्षेनं पुरं करता येतं.

दुसऱ्या बाजूकडे एक आकडा आहे, तो प्रत्येक सुनावणीत निघतो. २०१६ मध्ये 'जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी'त ओक्लाहोमातल्या मेडिकेअर नोंदींवरचा एक अभ्यास आला. काचबिंदूचं लेझर झालेले १३८४ डोळे पाहिले. नेत्ररोगतज्ज्ञांनी केलेल्यांपैकी १५.१ टक्के डोळ्यांना पुन्हा तेच लेझर करावं लागलं. ऑप्टोमेट्रिस्टांनी केलेल्यांपैकी ३५.९ टक्क्यांना. दुपटीहून जास्त. पहिल्यांदा वाचल्यावर मीही मनात निकाल देऊन मोकळी झाले होते. पण यात एक खाच आहे. जाळी गोल असते. काही जण एका बैठकीत पूर्ण गोल करतात, काही जण मुद्दाम अर्धा आज आणि अर्धा काही आठवड्यांनी, दाब एकदम वाढू नये म्हणून. बिलांच्या नोंदीत दुसरी बैठक ही 'पुन्हा करावं लागलं' अशीच दिसते. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणतात, आम्ही सावधपणे दोन टप्प्यांत करतो, त्याला तुम्ही अपयश म्हणता. त्यांचे विरोधक म्हणतात, एकदाच पुरतं तिथे दोनदा करता म्हणजे रुग्णाला दोनदा यायला लावता, आणि बिलही दोनदा. बिलावरून डोळ्याची तब्येत कळत नाही, हे दोघांनी मान्य केलं तर बरं होईल. दाब किती उतरला, नजर किती टिकली, याचं उत्तर त्या नोंदींत नाहीच.

'जवळ मिळेल' या मुद्द्यावर मात्र मला ऑप्टोमेट्रिस्टांची बाजू वाटते तेवढी भक्कम दिसत नाही. २०२३ मध्ये त्याच नियतकालिकात, मेडिकेअरच्या नोंदी आणि नकाशे जुळवून, रुग्णाला लेझरपर्यंत किती वेळ गाडी चालवावी लागते याचा हिशेब आला. परवानगी दिलेल्या राज्यांत अंतर फारसं कमी झालेलं दिसलं नाही. कारण सोपं आहे. याग लेझरचं यंत्र महाग असतं. जिथे रुग्ण जास्त तिथेच ते घेणं परवडतं. आणि जिथे रुग्ण जास्त, तिथे नेत्ररोगतज्ज्ञ आधीच बसलेला असतो. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी सोनोग्राफी सेंटर पाच आणि त्याच तालुक्याच्या शेवटच्या वाडीत एकही नाही, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला यात नवल वाटणार नाही. परवाना कागदावर मिळतो, यंत्र बाजारपेठेतच थांबतं.

बटण दाबणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, असं मला वाटतं. नेम धरायला काही दिवसांत शिकता येतं. अवघड आहे ते बटण न दाबण्याचा निर्णय. धुरकट दिसतंय ते खरंच पिशवीमुळे, की मागे डोळ्याच्या मध्यभागी सूज आहे? हे लेझर करून काही मिळणार नसेल तर रुग्णाला ते तोंडावर सांगण्याचं बळ, आणि केल्यावर रात्री दाब चढला तर फोन कुणी उचलायचा, याची सोय. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत काही ठिकाणी ऑप्टोमेट्रिस्ट आणि परिचारिकासुद्धा अशी लेझर करतात, पण तिथे ते रुग्णालयाच्या छताखाली असतात. शेजारच्या खोलीत नेत्ररोगतज्ज्ञ असतो, निवड कुणी केली हे लिहिलेलं असतं. त्यामुळे तिथे या प्रश्नावर अमेरिकेसारखी लढाई होत नाही. फरक हातांच्या कौशल्याचा कमी, व्यवस्थेचा जास्त. अमेरिकेतला ऑप्टोमेट्रिस्ट स्वतःच्या दुकानाचा मालक असतो आणि ते लेझर त्याच्या हप्त्यावर घेतलेलं असतं. अर्थात, खासगी नेत्ररोगतज्ज्ञाचंही तसंच असतं, हे विसरून चालणार नाही.

आणि आपल्याकडे?

भारतात हा प्रश्न या स्वरूपात अजून आलेलाच नाही. आपल्याकडे लेझर नेत्ररोगतज्ज्ञच करतो, आणि नोंदणी नसताना वैद्यक व्यवसाय करणाऱ्याला राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण आपली गंमत उलटी आहे. अमेरिकेत ऑप्टोमेट्रिस्टच्या हक्काची हद्द कुठे संपते यावर भांडण आहे. आपल्याकडे ती सुरू कुठे होते तेच ठरलेलं नव्हतं. अलीगढच्या गांधी नेत्र रुग्णालयात १९५८ मध्ये ऑप्टोमेट्रीचा पहिला अभ्यासक्रम निघाला, १९८५ मध्ये चेन्नईत चार वर्षांची पदवी देणारी शाळा सुरू झाली. म्हणजे शिक्षण होतं. पण शिकलेल्याची नोंद ठेवणारं राष्ट्रीय मंडळ नव्हतं. चार वर्षं शिकलेला आणि काकांच्या दुकानात सहा महिने बसलेला, दोघंही 'संगणकीय नेत्रतपासणी'ची पाटी लावू शकत होते.

२०२१ मध्ये संसदेनं सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, लॅब तंत्रज्ञ यांच्याबरोबर ऑप्टोमेट्रिस्टही त्यात आहेत. कायद्यात दोन पायऱ्या आहेत: निदान २००० तासांचं शिक्षण घेतलेला सहयोगी, आणि निदान ३६०० तासांची पदवी घेतलेला आरोग्य व्यावसायिक. नोंदणी राज्यांच्या परिषदांकडे. लेझरचा विषय तिथे दूरच आहे. आधी हजेरीपट तर तयार होऊ दे.

अशा भांडणाची चव मात्र आपण घेतलेली आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ शस्त्रक्रियांचं प्रशिक्षण देण्याची अधिसूचना निघाली. त्यांत शालाक्य शाखेच्या यादीत डोळ्यांच्या शस्त्रक्रियाही होत्या, मोतीबिंदूसह. ११ डिसेंबरला इंडियन मेडिकल असोसिएशननं देशभर बाह्यरुग्ण विभाग बंद ठेवले. महाराष्ट्रात तर २०१४ पासून होमिओपॅथना एका वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स करून आधुनिक औषधं लिहू द्यायची की नाही, हा वाद थांबायचं नाव घेत नाही. दोन्हीकडची वाक्यं ओळखीची वाटतील. एक बाजू म्हणते, खेड्यात डॉक्टर कुठे आहेत? दुसरी म्हणते, खेड्यातल्या माणसाचा डोळा स्वस्त आहे का? केंटकीतल्या सुनावणीचा मराठी अनुवाद करायची गरजच नाही.

आत्याचं लेझर टल्सात झालं नाही. कायदा आडवा आला नाही, विमा आला: प्रवासाच्या विम्यात आधीच्या ऑपरेशनशी संबंधित काही बसत नव्हतं, आणि डॉलरमधला आकडा ऐकून तिला एकदम स्पष्ट दिसायला लागलं, असं तिची लेक म्हणते. पुण्याला परत आल्यावर ज्यांनी मोतीबिंदू काढला होता त्याच डॉक्टरांनी लेझर केलं. खुर्चीत बसण्याआधी तिनं त्यांना दाब किती आहे, आतला पडदा पाहिला का, नंतर काही झालं तर फोन कुणाला करायचा, असे तीन प्रश्न विचारले. ते तिला टल्सातल्या त्या बाईंनी कागदावर लिहून दिले होते. डॉक्टर जरा चकित झाले, पण त्यांनी तिन्हींची उत्तरं दिली.

चष्म्याचा नवा नंबर मात्र तिनं सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात काढला. नंबर काढणाऱ्या मुलाला तिनं काहीच विचारलं नाही.